पत्त्यावरचं नाव आणि पोस्टाचा शिक्का

ऑगस्ट २००३ मध्ये मी पुण्यातल्या एका लहान कंपनीत नोकरीला होतो. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढण्यापासून मेल सर्व्हर सांभाळण्यापर्यंत सगळं माझ्याकडे. सर्व्हरवर व्हायरस स्कॅनर मीच बसवला होता. व्हायरस सापडला की 'फ्रॉम'मधल्या पत्त्यावर आपोआप पत्र जायचं: तुमच्या मेलमध्ये व्हायरस आहे, मशीन तपासून घ्या. खाली कंपनीचं नाव आणि फोन नंबर. शेजारधर्म!

तिसऱ्या आठवड्यात सोबिग-एफ नावाचा व्हायरस मेलमधून आला. 'थँक यू', 'युअर डिटेल्स' असले विषय आणि सोबत 'पिफ' नाहीतर 'एससीआर' फाइल, म्हणजे उघडली की चालणारा प्रोग्रॅमच. दोन दिवसांनी नाशिकहून एका निवृत्त प्राध्यापकांचा फोन.

"अहो, तुमची अकरा पत्रं आली मला. घाबरून काल मशीन फॉरमॅट करून घेतलं. आज परत तुमचं पत्र!"

पैसे गेलेच, शिवाय टाइप करून ठेवलेल्या नोट्सही गेल्या. मी त्यांना थांबायला सांगून अडवलेली मेल उघडली आणि हेडरमधल्या, म्हणजे मेलच्या माथ्यावरच्या नोंदींमधल्या, 'रिसीव्ह्ड' ओळी वाचल्या. वाटेतला प्रत्येक सर्व्हर मेल कुठून आली ते तिथे लिहितो. त्यातली आमच्या सर्व्हरने स्वतः लिहिलेली ओळ तेवढी भरवशाची. त्याखालचं काहीही खोटं असू शकतं. त्या ओळीतला आयपी पत्ता, म्हणजे पाठवणाऱ्या मशीनचा नेटवरचा क्रमांक, भलत्याच इंटरनेट सेवादात्याचा निघाला. वेळ सकाळी सव्वाअकराची.

"सर, काल सव्वाअकराला नेट लावलं होतं?"

"तेव्हा मी पेन्शनच्या रांगेत होतो."

आंतरदेशीय पत्रावर पाठवणाऱ्याचं नाव कुणीही काहीही लिहू शकतो. पत्र कुठून निघालं ते पोस्टाच्या शिक्क्यावरून कळतं. सोबिग ज्या मशीनमध्ये शिरायचा तिथलं अ‍ॅड्रेस बुक, साठवलेली वेबपानं, जुन्या मेल चाळून पत्ते गोळा करायचा. एक पत्ता 'फ्रॉम'मध्ये, दुसरा 'टू'मध्ये. सरांचा पत्ता ज्याच्याकडे होता अशा कुणाच्या तरी मशीनवर तो बसला होता. आदल्या वर्षी क्लेझ नावाच्या व्हायरसनेही हेच केलं होतं, आणि ते वाचूनही मी सेटिंग बदललं नव्हतं. ही चूक माझीच.

कळवणं बंद करतो म्हटल्यावर साहेब म्हणाले, "खरंच ज्याच्याकडे व्हायरस आहे त्याला नको का सांगायला?" मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. एखाद्या पुरवठादाराच्या वर्ड फाइलमध्ये मॅक्रो व्हायरस, म्हणजे फाइलमध्येच दडून बसणारा व्हायरस असेल, तर ती फाइल त्यानेच पाठवलेली असते, पाठवणारा खरा असतो. म्हणून मी मधला मार्ग काढला: खोटा पत्ता लावणाऱ्या व्हायरसांची यादी केली. त्यातला सापडला तर पत्र नाही, बाकीच्यांना जाऊ दे. सोबिगमध्ये थांबायची तारीख लिहूनच ठेवलेली होती. १० सप्टेंबरला तो थांबला आणि मीही यादी विसरलो.

२६ जानेवारी २००४ ची सुट्टी होती. त्या रात्री मायडूम हा नवा व्हायरस पसरला. स्कॅनरने तो ओळखायची नवी व्याख्या आपोआप उतरवून घेतली, मेल पकडायला लागला. माझ्या यादीत मात्र मायडूमचं नाव नव्हतं. सकाळी ऑफिसात पोचतो तोच फोन वाजला.

"परत सुरू झालं का हो तुमचं?"

यावेळी सरांनी काही फॉरमॅट केलं नव्हतं, एवढंच माझं नशीब.

यादी त्याच दिवशी काढून टाकली. आता समोरच्याशी जोडणी चालू असतानाच मेल तपासायची आणि व्हायरस असला तर ५५० हा नकाराचा कोड देऊन तिथेच नाकारायची. समोर व्हायरसचं स्वतःचं मेल-इंजिन असेल तर ते पुढच्या पत्त्याकडे वळतं, कुणालाच काही जात नाही. समोर खरा सर्व्हर असेल तर आपल्या माणसाला कळवणं त्याचं काम. तो सर्व्हर गाफील असला तर त्याचं पत्र पुन्हा सरांनाच जाणार, हे आहेच. पण निदान त्याखाली आमचा फोन नंबर नसेल.

साहेबांचा प्रश्न उरला होता. तेव्हा मायडूमच्या एका मेलचा आयपी पत्ता, वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या उल्लेखासह, आणि पूर्ण हेडर असं सगळं त्या सेवादात्याच्या तक्रार विभागाला पाठवलं. मिनिटभरात उत्तर आलं. आपोआप पाठवलेलं.