आमची वाटचाल : दस्त्याच्या मापाने शिकवलेले काम

आमचे घराणे कोल्हापुरातील सुतारांचे. वडिलांनी 1959 च्या शस्त्र कायद्याखाली बंदूक दुरुस्तीचा परवाना घेतला, तेव्हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीचा काळ मागे पडला होता, आणि आमच्याकडे येत ते चंदगड-आजऱ्याकडचे शेतकरी, पीक संरक्षणाच्या परवान्यावरील बारा बोअरची एकनळी किंवा दुनळी घेऊन. तडकलेला दस्ता, म्हणजे बंदुकीचा खांद्याला टेकवायचा लाकडी भाग, बदलून द्यावा, एवढेच आमचे काम. बार काढल्यावर खांदा ठणकतो, असे कोणी म्हणाले तर बंदूक म्हटल्यावर धक्का बसायचाच, असे आम्ही सांगत असू.

ट्रॅप नेमबाजीचा, म्हणजे हवेत उडवलेल्या चकत्या बंदुकीने टिपण्याच्या खेळाचा, सराव करणारी एक मुलगी आली आणि हे उत्तर अपुरे पडले. ट्रॅपच्या पात्रता फेरीत 125 लक्ष्ये असतात, प्रत्येकावर दोन बार टाकता येतात. गावाकडचा शेतकरी वर्षभरात काढणार नाही इतके बार ती एका सकाळी काढत असे. आम्ही दस्त्याच्या टोकाला इंचभर जाडीचा मऊ रबर बसवून दिला. आठवड्याने ती परतली, तेव्हा काळानिळा डाग खांद्यावरून दंडावर सरकला होता. लाकूड न कापता रबर लावल्याने दस्ता तेवढाच लांब झाला होता आणि खांद्याच्या खळगीत न बसता दंडावर टेकत होता. ती चूक पूर्णपणे आमची होती आणि तिची खंत मला आजही वाटते.

त्यानंतर आम्ही मापे घ्यायला शिकलो. बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करून गिऱ्हाइकाला डोळे मिटून ती खांद्याला लावायला सांगतो, आणि डोळे उघडल्यावर नजर नळीवरून सरळ जाते का, हे पाहतो. गाल टेकवायची कड खाली असेल, तर मान उचलावी लागते, गाल लाकडापासून सुटतो आणि बार होताच तेच लाकूड गालफडावर आदळते. काडतूस तेच ठेवून बंदुकीचे वजन चौथाईने वाढवले, तर धक्क्याची ऊर्जा पाचव्या हिश्शाने घटते. परंतु रात्रभर माळ्यावर राखण करणाऱ्या शेतकऱ्याला जड बंदूक पेलत नाही, म्हणून त्याच्यासाठी रुंद, मऊ टोक आणि हलके काडतूस हाच मार्ग आम्हाला योग्य वाटतो. कानांवरील संरक्षणाचा आग्रह आम्ही सर्वांनाच धरतो, कारण मोठ्या आवाजाने दचकलेल्या माणसाला धक्काही जास्त जाणवतो.

त्या मुलीचा दस्ता आम्ही इंचभर कापला, रबर पुन्हा बसवला, गालाची कड उंचावली आणि तिच्यासोबत रेंजवर गेलो. प्रशिक्षकांनी तिच्या नकळत भरलेल्या काडतुसांत एक खोटे काडतूस मिसळले. पूर्वी अशा वेळी चाप ओढताच नळीचे तोंड खाली झुकत असे, कारण धक्का येण्याआधीच तिचे शरीर आखडायचे. या वेळी चाप ओढला गेला, नुसता टक् असा आवाज आला आणि नळी जागची हलली नाही.