एवढी बॅटरी कशाला बाळगता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. बसमध्ये विचारलंत, हळदीकुंकवाला विचारलंत, दुकानात औषधाचे पैसे देता देता विचारलंत, "मोबाईलला टॉर्च असताना पर्समध्ये ही वेगळी बॅटरी कशाला?" आमच्या गल्लीतल्यांना सगळं ठाऊक आहे, ते निराळं विचारतात. ते नुसतं म्हणतात, "अजून बाळगतीस?" त्या 'अजून'चं उत्तर मला आजवर देता आलेलं नाही. पहिल्या प्रश्नाचं येतं, म्हणून ते आधी.

बेळगावातलं दुकान बंद करून निघते तेव्हा आठ वाजून गेलेले असतात. खानापूर रोडच्या फाट्याला बस सोडते तेव्हा नऊ. उतरताना कंडक्टर विचारतो, "ब्याटरी ऐतेन्री अक्का?" म्हणजे बॅटरी आहे ना. (विजेरी हा शब्द मी शाळेच्या पुस्तकाबाहेर कुणाच्या तोंडून ऐकला नाही. कन्नडवाल्यांची आणि आमची बॅटरी मात्र एकच.) फाट्यापासून घर सव्वा किलोमीटर. पहिले दोन खांब जळतात, पुढं दोन्ही बाजूंनी ऊस. फाट्यावरच्या बोर्डाची अक्षरं कुठल्या भाषेत असावीत यावर आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या रक्त आटवतात. त्या बोर्डावरचा दिवा गेलाय तो गेलाच, त्याचं कुणाला काही नाही.

आता मोबाईल. पावसात ओल्या बोटाला स्क्रीन दाद देत नाही. कुलूप काढा, वरून खाली ओढा, चिन्ह शोधा, तोवर स्क्रीनचा उजेड आपल्याच डोळ्यांत. उजेड पडून पडून चाळीस-पन्नास लुमेन (लुमेन म्हणजे उजेडाचं माप), तोही पसरट. पायाखालचं दिसतं, दहा पावलांपुढचं नाही. आणि अडचणीच्या वेळी फोन करायचा असतो. एकच वस्तू कानाला धरायची की रस्त्यावर? ज्यांचं घर स्टँडपासून दोन मिनिटांवर आहे त्यांना हे पटत नाही, पटू नये. आमच्या रस्त्यावर बांधाला घोणस असते, रात्री मण्यार फिरते, आणि मण्यार चावली तर कित्येकदा दुखतसुद्धा नाही, माणूस मुंगी चावली म्हणून झोपून जातो. तिथं बघूनच पाय टाकावा लागतो.

वडिलांकडं तीन सेलची पितळी बॅटरी होती. रात्री थ्री फेज आली की ती घेऊन ते मोटर चालू करायला जायचे. सेल मंदावले की आई ते पत्र्यावर उन्हात ठेवायची, त्यावर अजून दोन रात्री निघायच्या. आता ती आठवण काढून कुणी गहिवरतं, मी नाही. जड होती आणि उजेड मळकट होता.

हे सगळं खरं आहे, आणि मी बॅटरी घेतली ती या कारणासाठी नव्हे.

2023 च्या पावसाळ्यात ओळीनं दोन संध्याकाळी फाट्यापासून एक बाईक माझ्या मागं मागं आली. बोलली नाही, पुढं गेली नाही. मी थांबले की थांबायची. घरी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर नोकरी सोड म्हणाले असते. मोबाईलवरून बॅटरी मागवली. जाहिरातीत लाखभर लुमेन, तोंडाला दातेरी कडा, म्हणे स्वसंरक्षणासाठी. आतल्या 18650 सेलवर 9900 एमएएच छापलेलं, म्हणजे सेलात वीज किती मावते त्याचा आकडा. आज कुणी तसला सेल दाखवला तर मी हसेन. 18650 म्हणजे 18 मिलिमीटर जाड, 65 मिलिमीटर लांब, आणि त्या एवढ्याशा नळकांड्यात चांगल्यातल्या चांगल्या कंपनीलाही साडेतीन हजारांच्या फार पुढं जाता येत नाही. तेव्हा मला आकडा मोठा म्हणजे भीती लहान, असं वाटायचं. बटण एकच. एकदा दाबलं की पूर्ण, मग निम्मा, मग स्ट्रोब, म्हणजे सेकंदाला दहा-दहा वेळा उघडमीट करणारा उजेड, समोरच्याला भोवळ यावी असा. आणि बॅटरीला मेमरी होती. बंद करताना जिथं असेल, पुढच्या वेळी तिथूनच चालू.

दिवाळी होऊन आठवडा झालेला. आदल्या रात्री भाचीनं हट्ट धरला म्हणून मी तिला स्ट्रोब दाखवला होता. अंगणात नाच केला तिनं त्या उजेडात. बंद केली आणि पर्समध्ये टाकली.

दुसऱ्या दिवशी फाट्यावर उतरले. दुसरा खांब मागं पडला आणि मागून बाईकचा आवाज आला. वळून पाहिलं तर दिवा नाही. नुसता आवाज, जवळ येतोय, आणि जवळ आल्यावर मंद होतोय. मी चालणं वाढवलं. तोही दुसऱ्या गिअरवर. माझा हात पर्समध्ये होता, अंगठ्याला बटणाचं रबर लागत होतं. दहा-पंधरा फुटांवर आल्यावर मी वळले आणि दाबलं.

जे दिसलं ते तुकड्या-तुकड्यांनी दिसलं. एक हात हँडल सोडून डोळ्यांवर गेलेला. मग चाक आडवं. मग नुसता ऊस हलतोय. बाईक चरात पडून चालूच होती, मागचं चाक हवेत फिरत होतं, आणि खालून आवाज आला, "काकू, मी हाय ओ! मी!"

शेजारचा मुलगा. माझा फोन लागेना म्हणून त्याच्या आईनंच त्याला फाट्याकडं पिटाळलं होतं. उसाच्या ट्रॉलीआडून माझी बस त्याला दिसली नाही, पुढं जाऊन परत फिरला. हेडलाईटचा बल्ब सकाळी उडालेला. मंद झाला तो मला हाक मारायला.

त्याला बाहेर काढताना उजेड तोच होता, त्याच बॅटरीचा. हात थरथरत होते, बटण चार वेळा दाबलं तरी स्ट्रोब जाईना. त्या उघडमीट उजेडात त्याचा खांदा विचित्र उतरलेला दिसत होता. शेवटी ती तशीच रस्त्याकडं धरून हलवली आणि उसाचा ट्रॅक्टर थांबला. कॉलरबोन मोडलं होतं. दवाखान्याचं बिल मी भरलं, ते लगेच सांगून टाकते, कारण तेही विचारतात.

बिलानं काय होतं? पोरगा भरतीची तयारी करत होता. मराठा रेजिमेंटच्या गावाजवळची पोरं, तयारी नाही करणार तर काय. रोज पहाटे त्याच रस्त्यावर सोळाशे मीटर, साडेपाच मिनिटांच्या आत बसवायचे. बीमला दहा वेळा अंग उचलायचं. मोडलेल्या कॉलरबोननं कोण अंग उचलतं? ती भरती हुकली. अग्निवीरची वयाची अट तेव्हा 21 ची. हाड जुळून हातात जोर येईपर्यंत वय निघून गेलं. त्याची आई मला एकच वाक्य बोलली, "बघून तर मारायचीस गे लाईट." त्यानंतर भाकरीला पीठ कमी पडलं तर मागायला येते, पण त्या विषयावर शब्द नाही.

मी सगळ्यांना सांगते, बॅटरीच्या मेमरीनं घात केला. खोटं नाही ते. स्ट्रोब मी लावलेला नव्हता. बिनदिव्याची बाईक कुणी एकट्या बाईच्या मागं मंद करावी का, हेही मी विचारते, आणि विचारायचा मला हक्क आहे. त्याआधीच्या दोन संध्याकाळी मागं आलेला तो नव्हता, तो कोण होता ते आजही माहीत नाही. तो खरा होता. पण एक गोष्ट मी सांगत नाही. रस्ता बघायला उजेड टाकणारी बाई हात कमरेशी धरते. माझा हात खांद्याच्या वर होता. मेमरीनं हात वर केला नाही.

मग तेव्हाची मी म्हणते, आणि तो तोच असता तर? त्याला आधी कमी उजेड दाखवून 'कोण गा?' विचारत बसली असतीस? यावर मी तिला गप्प करू शकलेले नाही.

आता जी आहे ती बोटभर लांब. स्ट्रोब नाही. चालू होते ती कायम सगळ्यात मंद उजेडावर, पूर्ण उजेड हवा तर बटण धरून ठेवायचं. मला तेवढा एक सेकंद हवा होता. उजेड पिवळसर घेतला. पांढऱ्या-निळ्यात पाचोळा आणि साप दोन्ही राखाडी दिसतात. मागचं झाकण पाव फेरा सैल करून ठेवते, नाहीतर पर्समध्ये दाबून चालू होते, एकदा रुमाल चटका बसेल इतका तापला होता. खोक्यावर 200 मीटर लिहिलंय. म्हणजे 200 मीटरवर पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड पडतो, बस. त्या चांदण्यात माणूस आहे एवढं कळेल, कोण आहे ते नाही कळणार. निम्म्या अंतरावर चौपट मिळतो, तरी चेहरा ओळखायला त्याहून पुष्कळ जवळ यावं लागतं. हे गणित जाहिरातीत नसतं. जुनी दातेरी बॅटरी कपाटात आहे. टाकली नाही, का टाकली नाही ते विचारू नका.

पोरगा आता उद्यमबागेत फौंड्रीत आहे, सेकंड शिफ्टला. सुट्टीच्या दिवशी कधी याच रस्त्यावर नऊच्या सुमाराला गाठ पडते. बाईकला नवा हेडलाईट आहे, दोन खांब लांब असल्यापासून डिप्पर मारतो आणि दोनदा हॉर्न वाजवतो. मी बॅटरी जमिनीकडं धरून बाजूला होते. थांबत मात्र नाही तो.