उचलून घेतलं तर चालेल का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. कार्यक्रमाला बोलावणारी माणसं फोनवर हमखास म्हणतात, "चारच पायऱ्या आहेत हो. आपली मुलं आहेत, व्हीलचेअरसकट उचलून घेतील. चालेल ना?"

नाही चालणार. विचारणाऱ्याच्या मनात खोट नसते, म्हणून कारणं सांगायचा मी कंटाळा करत नाही. बॅटरीवर चालणारी खुर्ची माणूस न बसताच कित्येकदा 100 किलोंच्या वर भरते. साध्या खुर्चीचे हात बऱ्याचदा निघणारे असतात. उत्साही मुलगा नेमके तेच धरतो, खुर्चीचा हात त्याच्या हातात येतो आणि मी अधांतरी. (एकदा झालंय.) शिवाय वर चढवणारी मुलं कार्यक्रम संपेपर्यंत पांगलेली असतात. मला मध्येच निघावंसं वाटलं तर? आग लागली तर?

"मग फळी टाकू." एक पायरी 15 सेंटीमीटरची धरा, चार म्हणजे 60. उताराचं नेहमीचं माप एकास बारा, म्हणजे रॅम्प 7.2 मीटर लांब हवा. दोन मीटरच्या फळीवरून मी वर जात नाही, मागे कोलमडते.

रॅम्प झाला की आयोजक निर्धास्त. माझा जीव मात्र स्वच्छतागृहाचं दार उघडेपर्यंत टांगणीला. आत झाडू, बादल्या, मोडक्या खुर्च्या. कुणी वापरत नाही म्हणून तिथे अडगळ टाकतात, आणि अडगळ आहे म्हणून कुणी वापरू शकत नाही. खुर्ची वळवायला 150 सेंटीमीटर व्यासाची मोकळी जागा, कमोडशेजारी आधाराचा दांडा, बाहेरच्या बाजूला उघडणारं दार. हे नसेल त्या दिवशी मी सकाळपासून पाणी पीत नाही. तीन तासांच्या कार्यक्रमासाठीची ही तयारी कुणाला दिसत नाही.

उचलणं काही खुर्चीचंच होतं असं नाही. ऐकू न येणाऱ्या मैत्रिणीला शेजारचा "नंतर सांगतो" म्हणतो, तेही उचलणंच. तिला सांकेतिक भाषेचे दुभाषे हवेत, तेही दोन. वीसेक मिनिटांत एकाचे हात आणि डोकं दोन्ही थकतं. स्लाइड दाखवायला दिवे घालवलेत तरी दुभाष्यावरचा दिवा राहू द्या, नाहीतर अंधार झाला की तिच्यासाठी वक्ताच गप्प. न दिसणाऱ्या माणसाचं बखोट धरून नेतात, तोही त्यातलाच प्रकार. नुसतं कोपर पुढे करा, तो धरून येईल.

गेल्या खेपेला एका आयोजकांना मी फोन चालू असतानाच टेप घेऊन उठवलं. दार 68 सेंटीमीटर भरलं. 80 तरी हवं होतं. न कुरकुरता त्यांनी तळमजल्यावरचं दुसरं सभागृह घेतलं. मधल्या रांगेतली एक खुर्ची काढून माझी जागा केली, शेजारी सोबतीणीची ठेवली. मी खूश. मग विचारलं, "आणि स्टेजवर कसं चढायचं?"

पलीकडे शांतता. "स्टेजवर? तुम्हाला?"

"पत्रिका काढा," म्हटलं, "वक्त्यांमध्ये तिसरं नाव माझं आहे."