मंडळीच्या सभेत उभी राहताना

मी अहिल्यानगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चच्या आमच्या स्थानिक मंडळीत (चर्चच्या सभासदांच्या समुदायात) कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीची चिटणीस म्हणून काम पाहते. या मंडळीत चिटणीसपद स्त्रीकडे येण्याची ही पहिलीच वेळ आहे. संडे स्कूलच्या वर्गापासून कमिटीपर्यंत मी कशी पोहोचले, असे आसपासच्या मंडळ्यांतील भगिनी मला नेहमी विचारतात. आजवर त्यांना तुकड्यातुकड्यांनी सांगत आले, ते इथे सलग लिहीत आहे.

चारचौघांत बोलण्याची भीती मला कधी वाटली नव्हती. शाळेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांसमोर मी माझे म्हणणे स्पष्ट मांडत असे, पालक सभाही एकटीने चालवत असे. परंतु मंडळीची वार्षिक सभा सुरू झाली की मनात आलेला प्रश्न मनातच राही, कारण तिथे समोर बसलेले माझे सासरे, चुलत सासरे, दीर आणि ज्यांनी माझ्या लग्नात आशीर्वाद दिला ते वडीलधारे यांच्यासमोर हिशेबाविषयी शंका काढणे म्हणजे घरच्या माणसांवर अविश्वास दाखवणे, असा अर्थ लावला जाईल हे मला पक्के ठाऊक होते. मी एकटीच अशी नव्हते. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायत राज संस्थांमध्ये स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखीव आहेत आणि आमच्या महिला मंडळातील एक भगिनी त्यातूनच सरपंच झाल्या होत्या. ग्रामपंचायतीच्या धनादेशावर त्यांची सही लागत असे. मंडळीच्या सभेत मात्र त्यांच्याकडे चहा-नाश्त्याची व्यवस्था असे आणि ठराव मांडले जात तेव्हा त्या स्वयंपाकघरात असत. ख्रिस्ती स्त्रियांमध्ये धैर्य कमी आहे, असे कोणी म्हणू लागले की मला ते म्हणूनच पटत नाही. धैर्य त्यांच्यापाशी असते, पण मंडळीत ते वापरण्याची जागा त्यांना कोणी दाखवलेली नसते.

मला ती जागा एका निवृत्त मुख्याध्यापिकेने दाखवली. सगळी मंडळी त्यांना नुसते ‘बाई’ म्हणते, म्हणून मीही इथे तेवढेच लिहिते. कमिटीच्या निवडणुकीसाठी त्यांनी माझे नाव सुचवायचे ठरवले, तेव्हा त्यांनी मला धीराचे एकही वचन ऐकवले नाही. पाळकसाहेबांची, म्हणजे आमच्या धर्मगुरूंची, परवानगी घेऊन त्यांनी कमिटीच्या इतिवृत्ताच्या जुन्या वह्या आणि जमाखर्चाची पुस्तके माझ्यासमोर ठेवली. ‘आधी हे वाच, मग घाबरायचं की नाही ते ठरव,’ एवढेच त्या म्हणाल्या.

त्या वाचनाने माझ्यात जितका बदल झाला तितका कोणत्याही प्रेरणादायी शिबिराने झाला नव्हता. कब्रस्तानाच्या भिंतीचा ठराव कोणी मांडला, गरीब निधीतून कोणाला मदत मिळाली आणि कोणाचा अर्ज बाजूला राहिला, डायोसिसकडे (धर्मप्रांताकडे) भरायचा वार्षिक हिस्सा कोणत्या वर्षी थकला, हे सर्व त्या वह्यांत होते. हंगामाच्या सणातला लिलाव, नाताळची विक्री आणि महिला मंडळाची वर्गणी यांतून जमलेल्या पैशातून मंदिरातले (चर्चच्या इमारतीला आम्ही मंदिर म्हणतो) बाक, पंखे आणि सतरंज्या आल्या होत्या. परंतु तो पैसा कसा खर्च करायचा हे ठरवणाऱ्या सभांच्या उपस्थितीत वर्षानुवर्षे एकाही स्त्रीचे नाव नव्हते. हे पाहून मला राग आला, हे खरे आहे. पण रागापेक्षाही मोठी गोष्ट अशी की कमिटी म्हणजे काहीतरी गूढ आणि अधिकारी माणसांचे काम आहे हा समज कायमचा गेला. तिथे घेतले जाणारे निर्णय माझ्या शाळेतल्या व्यवस्थापन समितीच्या निर्णयांसारखेच होते आणि ते मला समजत होते.

दुसरी तयारी आवाजाची होती. आमच्याकडे मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जागतिक प्रार्थना दिन पाळला जातो. त्या दिवसाची उपासना दरवर्षी एका वेगळ्या देशातील ख्रिस्ती स्त्रिया लिहितात आणि जगभरातील मंडळ्यांत ती त्याच दिवशी चालवली जाते. २०२४ साली ती पॅलेस्टाइनच्या भगिनींनी लिहिली होती, तर २०२५ साली कूक बेटांवरील भगिनींनी. कितीतरी मंडळ्यांत वर्षातून हाच एक दिवस असा असतो की पुलपिटवर, म्हणजे उपदेशाच्या व्यासपीठावर, फक्त स्त्रिया उभ्या राहतात. बाईंनी त्या दिवसाला आमची शाळा केले. पहिल्या वर्षी शास्त्रपाठाचे वाचन, पुढच्या वर्षी मध्यस्थीची प्रार्थना आणि त्यानंतर संदेश (प्रवचन), अशी त्यांची पायरी ठरलेली होती आणि ती ओलांडून कोणालाही पुढे जाऊ देत नसत. उपासनेच्या आधी त्या आम्हाला रिकाम्या मंदिरात बोलावत, स्वतः शेवटच्या बाकावर बसत आणि आवाज पोहोचला नाही की फक्त हात वर करत. माइक बंद ठेवायचा असा त्यांचा आग्रह होता, कारण गावात वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो आणि ज्या स्त्रीला माइकशिवाय शेवटच्या बाकापर्यंत पोहोचता येते तिला वीज गेली तरी थांबावे लागत नाही.

रविवारच्या मुख्य उपासनेत संदेश देण्यासाठी माझे नाव आले, तेव्हा मात्र विरोध झाला. एका ज्येष्ठ सभासदांनी बायबलमधील तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय पुढे केला आणि प्रेषित पौलाने स्त्रीला शिकवण्याची मोकळीक दिलेली नाही, असे ठामपणे सांगितले. त्यांची श्रद्धा प्रामाणिक होती, म्हणून त्यांना उलट उत्तर देऊन गप्प करणे मला योग्य वाटले नाही. पाळकसाहेबांनी ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातील बुधवारच्या अभ्यासात हाच विषय घेतला आणि ती फार मोलाची गोष्ट ठरली. स्त्रियांनी गप्प राहावे असे करिंथकरांस लिहिलेल्या ज्या पहिल्या पत्रात म्हटले आहे, त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात प्रार्थना करणाऱ्या व संदेश देणाऱ्या स्त्रीने मस्तक झाकावे असे सांगितले आहे, म्हणजे ती सभेत उघडपणे बोलत होती हे तिथे गृहीतच धरले आहे. किंख्रियातील मंडळीची सेविका फिबी हिची पौल रोमच्या मंडळीला शिफारस करतो. अपुल्लोसारख्या विद्वानाला देवाचा मार्ग अधिक नीट समजावून देणाऱ्यांत प्रिस्किल्ला होती. योशीया राजाच्या काळात यरुशलेमच्या मंदिरात नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला तेव्हा राजाची माणसे त्याविषयी विचारायला हुल्दा संदेष्ट्रीकडे गेली. हे सर्व संदर्भ मी आधी अनेकदा वाचले होते, पण एका प्रश्नाचे उत्तर म्हणून एकत्र कधी वाचले नव्हते. ते ज्येष्ठ सभासद अखेरपर्यंत सहमत झाले नाहीत. तरीही माझ्या संदेशाच्या रविवारी ते उपासनेला आले आणि नंतर त्यांनी मला नेहमीप्रमाणे सलाम केला. मतभेद राहूनही सहभागिता टिकते, हे अनुभवाने कळल्यावर मनावरचे मोठे ओझे उतरले.

या काळात मला सर्वाधिक बळ आमच्याच भूमीतल्या स्त्रियांनी दिले. पंडिता रमाबाईंनी १८८२ साली पुण्यात शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर यांची गरज मांडली, तेव्हा त्यांचे वय चोविशीच्या आसपास होते. १८८३ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि १८८९ साली मुंबईत शारदा सदन सुरू झाले. त्याच वर्षी मुंबईत भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या (काँग्रेसच्या) अधिवेशनात प्रतिनिधी म्हणून गेलेल्या मोजक्या स्त्रियांमध्ये त्या होत्या. दौंड तालुक्यातील केडगावला आम्ही महिला मंडळाची सहल नेली. तिथल्या, रमाबाईंनी स्थापन केलेल्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात टाइप जुळवण्यापासून पुस्तक बांधण्यापर्यंतची कामे स्त्रियांनी केली, आणि रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून सोप्या मराठीत केलेले संपूर्ण बायबलचे भाषांतर त्यांच्या १९२२ सालच्या निधनानंतर तिथूनच लोकांसमोर आले. आमच्या तरुण मुलींना रमाबाईंच्या विद्वत्तेपेक्षा त्या छापखान्यातील स्त्रियांचे अधिक आकर्षण वाटले. दुष्काळातून वाचवून आणलेल्या, अक्षरओळखही नसलेल्या मुली पुढे ते कौशल्य शिकल्या, ही गोष्ट आपल्याही आवाक्यातली आहे असे त्यांना वाटले असावे. माझ्या स्वतःच्या मनात त्या दिवशी माझी आजी होती, जी मिशनची बायबलबाई म्हणून वाड्या-वस्त्यांवर पायी जाऊन बायकांना वाचायला शिकवत असे आणि जिचे नाव कोणत्याही फलकावर नाही.

कमिटीत निवडून आल्यानंतरची खरी परीक्षा मंदिराच्या छताच्या दुरुस्तीवरून झाली. एकाच ठेकेदाराचा अंदाज वाचून काम त्यालाच द्यावे, असा प्रस्ताव आला. आणखी दोन दरपत्रके मागवावीत, असे मी म्हटल्यावर एक वडीलधारे म्हणाले, ‘सूनबाई, बांधकामातलं तुम्हाला काय कळतं? ते आमच्यावर सोडा.’ सभेत काही जण हसले. माझे हात कापत होते, आणि ते कापत असतानाच मी बोलले, कारण मला काय म्हणायचे आहे ते माझ्यापुढे लिहिलेले होते. ठराविक रकमेवरील कामासाठी एकापेक्षा अधिक दरपत्रके घेण्याचा ठराव याच कमिटीने पूर्वी केला होता. त्या सभेची तारीख आणि ठराव क्रमांक मी वाचून दाखवला व तो ठराव रद्द करायचा असेल तर तसे इतिवृत्तात नोंदवावे, अशी विनंती केली. कोणाच्याही हेतूबद्दल मी शब्द काढला नाही. खोलीत काही वेळ कोणी बोलले नाही, मग अध्यक्षस्थानी असलेल्या पाळकसाहेबांनी दरपत्रके मागवण्यास सांगितले. घरी गेल्यावर सासरे एवढेच म्हणाले, ‘वही नीट वाचलेली दिसते.’ माझ्यासाठी ती फार मोठी शाबासकी होती. पुढच्या मुदतीत चिटणीसपदासाठी माझे नाव सुचवणाऱ्यांत तेही होते.

चिटणीस झाल्यावर मी पहिली गोष्ट बदलली ती सभेची वेळ. रात्री आठला सुरू होणाऱ्या सभेला लहान मुलांची आई येऊ शकत नाही, वस्तीवरून येणारी शेतमजूर स्त्री तर नाहीच. आता सभा रविवारी उपासनेनंतर होते आणि तेवढा वेळ संडे स्कूलचा वर्ग लांबवला जातो, म्हणजे मुले तिथेच सांभाळली जातात. चहाची पाळी पुरुष आणि स्त्रिया आलटून पालटून घेतात. दुसरे असे की कोणत्याही स्त्रीला नुसते सल्लागार नेमायचे नाही, असा मी आग्रह धरला. जिच्याकडे किल्ली, वही किंवा सही यांपैकी काहीतरी आहे तिचाच आत्मविश्वास वाढतो, हे मी जवळून पाहिले आहे. गरीब निधीचे काम आता दोन तरुण भगिनी पाहतात. एक जण अर्ज तपासते, दुसरी घरी भेट देऊन येते आणि अहवाल त्या स्वतः उभ्या राहून वाचतात. वस्तीवरच्या एका भगिनीला फारसे लिहिता येत नाही, पण कोणत्या घरात आजारी माणूस आहे आणि कोणाकडे चूल पेटलेली नाही हे तिला सर्वांत आधी कळते, म्हणून भेटींची यादी तिच्या सांगण्यावरून होते.

सगळेच सुरळीत झाले आहे असे नाही. कब्रस्तानात प्रार्थना चालवण्यासाठी अजूनही पुरुषांनाच बोलावले जाते आणि काही घरांत सुनेने सभेत बोललेले अद्याप आवडत नाही. अशा घरी मी आधी सासूबाईंना भेटते. त्यांनीही कधीतरी बोलायचे राहून गेलेले असते आणि पुष्कळदा त्याच सुनेच्या सर्वांत भक्कम पाठीराख्या होतात.

यंदा आमच्या मंडळीतील एका मुलीने सेमिनरीत, म्हणजे पाळक होण्याचे शिक्षण देणाऱ्या संस्थेत, जाण्याची इच्छा व्यक्त केली. पाळक होणाऱ्या मुलीशी लग्न कोण करणार, अशी चिंता तिच्या आईवडिलांना होती आणि ती मला समजू शकत होती. मी त्यांना २०१३ साली चर्च ऑफ साउथ इंडियाच्या नंद्याल धर्मप्रांतात बिशप झालेल्या पुष्पललिता यांच्याविषयी, तसेच आपल्याच चर्च ऑफ नॉर्थ इंडियात फुलबनी धर्मप्रांताच्या बिशप झालेल्या व्हायोलेट नायक यांच्याविषयी सांगितले. वडिलांनी विचार करायला वेळ मागितला, आणि नंतर ते स्वतः मुलीला घेऊन पाळकसाहेबांकडे आले. तिच्या अर्जासाठी पास्टोरेट कमिटीचे शिफारसपत्र लागते. ठराव एकमताने झाला नाही, बहुमताने झाला, आणि तो तसाच इतिवृत्तात नोंदवला आहे. पत्रावर पाळकसाहेबांच्या सहीखाली चिटणीस म्हणून माझी सही आहे, आणि तिची मुलाखत पुढच्या महिन्यात आहे.