आल्याचे चार भाऊबंद : सातव्या महिन्याची नोंद

कुंड्या चार: आंबेहळद, गलंगल (थाई स्वयंपाकातले आले), फिंगररूट (बोटांसारख्या कंदांचे) आणि म्योगा (जपानी आले). प्रत्येकी बेणे ३०-४० ग्रॅम, फुगीर डोळे किमान दोन. कापलेली बाजू दोन दिवस सावलीत सुकवून मगच लावली, कारण ओल्या जखमेतूनच कूज शिरते. कुंडी ३५ सेंमी रुंद. कंद आडवा पसरतो, खोली कमी असली तरी चालते. डोळे वर ठेवून ५ सेंमी माती.

आंबेहळदीला कोंब २४ व्या दिवशी, फिंगररूटला थेट ४१ व्या. याच काळात उकरून बघायचा मोह होतो आणि कोवळा कोंब मोडतो. कोंब दिसेपर्यंत माती जेमतेम दमट ठेवावी. मुळे न फुटलेला कंद पाणी पीत नाही, नुसता भिजत राहतो.

तिसऱ्या महिन्यात आंबेहळदीची खालची पाने कडेने पिवळी पडली, खोड ओढताच बुडाशी सुटून आले, वर कुबट वास. मऊकूज. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचत होते. कंद काढून घट्ट, स्वच्छ गरापर्यंत कापला, सुकवला, नव्या मातीत लावला. पाने हिरवी असतानाच झाड माना टाकू लागले तर मात्र खोडाचा तुकडा पाण्याच्या ग्लासात लटकवून पाहावा. दुधी धागे उतरले तर तो जिवाणूजन्य मर रोग: झाड, माती सगळे टाकून द्यायचे.

म्योगा सावलीतच, उन्हात पानांच्या कडा करपतात. त्याचा कंद खात नाहीत, जमिनीलगत येणाऱ्या कळ्या खातात, त्याही फूल उमलण्याआधी. यंदा कळ्या नाहीत. पहिल्या वर्षी ते धरूनच चालावे.

कडेचा थोडा कंद काढून चव घेतली. आंबेहळदीचा कैरीचा वास शिजवल्यावर उडतो, म्हणून कच्च्या चकत्या मीठ-लिंबात. गलंगल किसू नये, नुसते दोरे हाती लागतात. ३ मिमीच्या चकत्या रश्श्यात १५-२० मिनिटे उकळून काढून टाकाव्यात. त्याऐवजी आले घातले तर तिखटपणा येतो, तो देवदारी सुगंध नाही.

आता आंबेहळद आणि फिंगररूट पिवळी पडून झोपी जातील. पाणी हळूहळू बंद. गलंगल हिरवेच राहते, त्याचे पाणी त्याच झटक्यात तोडू नये.