चाचणी प्रसारणाची कॅसेट

नाशिकमधील एका खासगी एफएम स्टेशनच्या तांत्रिक विभागात मी स्टेशन सुरू होण्याच्या आधीपासून काम करतो आहे. वर्धापनदिनानिमित्त स्टेशनचा इतिहास सांगणारा तासाभराचा कार्यक्रम करायचे ठरले, तेव्हा जुनी ध्वनिमुद्रणे शोधून देण्याचे काम साहजिकच माझ्याकडे आले. शोधायला बसल्यावर लक्षात आले की, ज्या स्टेशनवरून आजवर लाखाहून अधिक तास प्रसारण झाले, त्याच्याकडे स्वतःचा पहिला दिवसच शिल्लक नाही. प्रसारणाचे ध्वनिमुद्रण तीन महिने जपण्याची अट आम्ही काटेकोरपणे पाळतो, पण त्यानंतर जागा मोकळी व्हावी म्हणून जुन्या फायली आपोआप पुसल्या जातात. उद्घाटनाच्या आठवड्याची एक प्रत वेगळी ठेवलेली होती. ती कार्यालय हलवताना हार्ड डिस्क बिघडली तेव्हा गेली. याची रुखरुख मला आजही आहे, कारण दुसरी प्रत काढून ठेवणे हे माझेच काम होते.

कार्यक्रमाचा पूर्वार्ध मात्र कागदपत्रांवरून लिहून झाला होता. भारतात एफएम प्रसारणाची सुरुवात आकाशवाणीने २३ जुलै १९७७ रोजी तेव्हाच्या मद्रासमध्ये केली. १९९३ मध्ये आकाशवाणीच्या एफएम वाहिनीवरील काही वेळ खासगी निर्मात्यांना मिळू लागला. प्रक्षेपणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल फेब्रुवारी १९९५ मधला; त्यातील प्रमुख निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी लिहिले होते. जुलै २००१ मध्ये बंगळुरूत देशातील पहिले खासगी एफएम स्टेशन सुरू झाले. परंतु पहिल्या टप्प्यातील परवाना शुल्क दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढत जाणारे होते आणि त्या ओझ्याखाली मोठ्या शहरांतील स्टेशनेही वाकली. २००५ च्या धोरणाने ही पद्धत बदलून वार्षिक उत्पन्नाच्या ४ टक्के हिस्सा घेण्याचे तत्त्व आणले आणि नाशिकच्या आकाराच्या शहरात स्टेशन चालवण्याचा हिशेब जुळू लागला. आमचे स्टेशन या दुसऱ्या टप्प्यातले. माझी नोकरी त्या ४ टक्क्यांवर उभी आहे, असे मी मनापासून मानतो.

उत्तरार्धासाठी, म्हणजे आमच्या स्वतःच्या कहाणीसाठी, आवाजच नव्हता. शेवटी सकाळच्या कार्यक्रमात आम्ही आवाहन केले की, सुरुवातीच्या दिवसांतील प्रसारण कोणी टेप करून ठेवले असेल तर कळवावे. चौथ्या दिवशी, पावसाची रिपरिप चालू असताना, भांडीबाजाराजवळ राहणारे सत्तरीच्या पुढचे एक तांबट काका कापडी पिशवी घेऊन स्वागतकक्षात येऊन बसले. पिशवीत प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली एकच साठ मिनिटांची कॅसेट होती. तिच्या मागच्या कडेची दोन्ही पाती मोडलेली होती, म्हणजे तिच्यावर पुन्हा काही टेप होऊ नये याची त्यांनी तेव्हाच काळजी घेतली होती.

“काका, हे उद्घाटनाच्या दिवसाचं आहे का?” मी विचारले.

“नाही साहेब, त्याच्या आधीचं. तेव्हा तुमच्याकडे कोणी बोलत नव्हतं, जाहिराती नव्हत्या, नुसती गाणी लागायची. आकाशवाणीच्या १०१.४ वरून काटा सरकवताना अचानक सापडलं. म्हटलं, हे किती दिवस राहील कोण जाणे, म्हणून धरून ठेवलं.”

स्टेशन अधिकृतपणे सुरू होण्यापूर्वी ट्रान्समीटर, अँटेना आणि स्टुडिओ यांची तपासणी व्हावी म्हणून काही दिवस चाचणी प्रसारण केले जाते. एफएमच्या लहरी साधारण दृष्टिरेषेत जातात, त्यामुळे डोंगराआड किंवा उंच इमारतींच्या मागे आवाज कुठे खरखरतो हे शहरभर फिरून पाहावे लागते. त्या दिवसांत मी गाडीत रेडिओ लावून सातपूरपासून नाशिकरोडपर्यंत हिंडलो होतो. स्टुडिओत मात्र ते प्रसारण कोणीही टेप केलेले नव्हते.

कॅसेट लगेच लावण्याचे धाडस मी केले नाही. फितीला ती वाचणाऱ्या हेडवर दाबून धरणारा नमद्याचा इवलासा तुकडा गळून पडला होता आणि सुरुवातीचा पारदर्शक भाग चाकापासून सुटला होता. पाच स्क्रू काढून मी दोन्ही चकत्या अलगद उचलल्या, एका चांगल्या कॅसेटच्या खोक्यात बसवल्या, सुटलेले टोक जोडले आणि मग ती डेकमध्ये सरकवली. काका खुर्ची ओढून माझ्या हातांकडे टक लावून पाहत होते. हेडचा कोन जुळवण्याचा स्क्रू जरासा फिरवला, तसा गुदमरलेला आवाज स्वच्छ झाला आणि खोलीत एक संथ मराठी भावगीत सुरू झाले. त्याच्या मागे एका लयीत ठोक ठोक असे काहीतरी ऐकू येत होते. काकांनी सांगितले की, रेडिओ सेलवर चालणारा होता, भारनियमनाचे दिवस होते, आणि टेपरेकॉर्डर वेगळा असल्याने त्यांनी तो रेडिओसमोर ठेवून माइकवर टेप केले होते. त्यांच्या तांब्याच्या भांड्यांच्या कारखान्यातला आवाजही त्यामुळे फितीवर उतरला होता.

गाणे संपल्यावर एक आवाज म्हणाला, “हे चाचणी प्रसारण आहे.” पाठोपाठ फ्रिक्वेन्सीचा आकडा आला. तो आवाज माझा होता. निवेदक अजून रुजू झालेले नव्हते, म्हणून तेवढे वाक्य मी बोललो होतो, हे मी साफ विसरलो होतो.

आवाज मी ओळखला एवढ्यावर विसंबून कार्यक्रमात काही सांगणे मला योग्य वाटले नाही. मी ती जागा हेडफोन लावून पुन्हा पुन्हा ऐकली. माझ्या बोलण्याखाली एक बारीक, सलग घूं असा आवाज होता. संगणकाच्या आलेखावर तो बरोबर ५० हर्ट्झला दिसला, म्हणजे तो विजेच्या मेन्सचा होता. रेडिओ सेलवर होता आणि गाणे चालू असताना हा आवाज नाहीसा होत होता, त्यामुळे तो काकांच्या टेपरेकॉर्डरचा असणे शक्य नव्हते. माइकचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करणारी सरकती कळ, उघडला की येणारा आणि बंद केला की जाणारा हा दोष आमच्या स्टुडिओच्या अर्थिंगचा होता, आणि उद्घाटनाच्या दोन दिवस आधी एक पूर्ण रात्र जागून मी तो दूर केला होता. कॅसेट त्या रात्रीच्या आधीची आहे, याला याहून चांगला पुरावा मिळणे कठीण होते.

आमच्या माहितीपत्रकात स्टेशनचे पहिले गाणे म्हणून उद्घाटनाला वाजलेल्या एका लोकप्रिय हिंदी चित्रपटगीताचे नाव छापलेले आहे. मुख्य कार्यालयाकडून आलेल्या चाचणीच्या यादीतही सगळी हिंदी गाणीच होती. पण घूं आवाज आणि खरखर पकडायची तर दणदणीत गाणे उपयोगाचे नसते, हळू तानपुरा आणि मोकळ्या जागा असलेले गाणे लागते. म्हणून मीच घरच्या सीडीवरून ते भावगीत घेऊन यादीच्या आधी लावत असे. त्या फ्रिक्वेन्सीवरून शहराने ऐकलेले पहिले गाणे मराठी होते आणि ते निव्वळ तांत्रिक गरजेतून लागले होते. कार्यक्रमप्रमुख बाईंना मी हे सांगितले, तेव्हा त्यांनी कॅसेट दोनदा ऐकली आणि संहितेतील पहिल्या गाण्याचा परिच्छेद स्वतः खोडला. माहितीपत्रकाच्या पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती व्हावी असे पत्रही त्यांनी त्याच दुपारी पाठवले.

काकांना मी मूळ कॅसेट आणि एक पेन ड्राइव्ह दिला. निघण्यापूर्वी त्यांनी ते गाणे आणखी एकदा लावायला सांगितले. मला वाटले, त्यांना गाणे ऐकायचे आहे. पण त्यांनी मान कलती करून मागची ठोक ठोक ऐकली.

“बंब मठारतोय आमचा थोरला,” ते म्हणाले. “तांबं ठोकून ठोकून कडक झालंय बघा, आवाज खणखणीत यायला लागला. आता थांबेल आणि भट्टीत घालेल.”

गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात ठोके थांबले.