आजोबा साताऱ्यात, वर्ग ऑकलंडमध्ये

न्यूझीलंडच्या प्राथमिक शाळांत सरकारने ठरवून दिलेली पाठ्यपुस्तकं नाहीत. आपल्याकडे ‘आज कुठला धडा झाला?’ असं विचारलं की मूल बालभारतीचं पुस्तक उघडून दाखवतं. इथे दाखवायला असं ठरलेलं पुस्तक नसतं. मग मुलं नेमकं काय शिकतात हे आमच्यासारख्या बाहेरून आलेल्या पालकांना कळणार कसं? ऑकलंडमधल्या आमच्या शाळेत याचं उत्तर म्हणजे वर्गाची साइट.

गूगल साइट्सवर, म्हणजे गूगलच्या वेबसाइट बनवायच्या साधनावर, शिक्षिकेने स्वतः बनवलेली, अगदी साधी साइट. वाचन, लेखन, गणित अशी वेगवेगळी पानं आणि प्रत्येक पानावर त्या आठवड्याचं काम. अपूर्णांक शिकवताना वापरलेल्या स्लाइड्स तिथेच असतात, शिक्षिकेने फळ्यावर सोडवलेल्या उदाहरणाचा छोटा व्हिडिओही असतो. लेक तापाने घरी होती तेव्हा तो व्हिडिओ तिने पुन्हा पुन्हा थांबवून पाहिला. मीही पाहिला, कारण इथली वजाबाकीची पद्धत मला नवीन होती आणि माझ्या पद्धतीने शिकवून मी तिचा गोंधळ वाढवत होते.

ही रीत सर्वात पक्की रुजली आहे ती पूर्व ऑकलंडच्या ग्लेन इन्स, पॉइंट इंग्लंड, पॅनम्युअर या भागात. इथे माओरी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांची, कुटुंबं आणि पॅसिफिक बेटांवरून आलेली कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात आणि बऱ्याच घरांत पैशांची ओढाताण असते. इथल्या शाळांनी मिळून ‘मनाइआकलानी’ नावाचा उपक्रम उभा केला. त्याचं सूत्र तीन शब्दांचं आहे: शिका, घडवा, वाटा. पालकांनी मुलांसाठी छोटे लॅपटॉप हप्त्यांवर घेतले, सुरुवातीच्या काळात हप्ता आठवड्याला साडेतीन डॉलर होता. शिक्षकांनी आपले पाठ सगळ्यांना दिसतील असे साइटवर ठेवले आणि प्रत्येक मुलाला स्वतःचा ब्लॉग मिळाला. ज्या मुलांच्या घरी पुस्तकांची कपाटं नाहीत त्यांच्यापासून ही सुरुवात झाली, याचं मला फार मोल वाटतं.

लेकीच्या वर्गात प्रत्येकाचं स्वतःचं पोर्टफोलिओचं, म्हणजे आपलं काम मांडून ठेवायचं, पान आहे. त्यात सगळ्यात वर ‘पेपेहा’ असते. माओरी रीतीप्रमाणे आपली ओळख आपल्या डोंगरापासून, आपल्या नदीपासून सुरू करायची, नाव शेवटी. वर्गातल्या कुणाचा डोंगर सामोआतला, कुणाचा इथलाच. आमच्या लेकीने अजिंक्यतारा आणि कृष्णा लिहिलं. साताऱ्याहून आजोबांनी ते वाचलं आणि त्याच रात्री फोन केला, ‘बाळा, वेण्णा राहिली. माहुलीला दोघी भेटतात.’ मग तिने संगमाचा फोटो मागवला, खाली चार ओळी लिहिल्या आणि शिक्षिकेने त्यावरून वर्गात नद्यांच्या संगमांवर बोलायला लावलं. वहीत हे घडलं नसतं. वही दप्तरात राहते, फार तर शिक्षिका तपासते. आजोबा वाचणार आहेत हे कळल्यापासून लेक ‘छान होतं, मजा आली’ एवढ्यावर थांबत नाही. कुठे, कधी, कोणाबरोबर हे तिला सांगावंसं वाटतं.

प्रतिक्रिया कशी द्यायची हेही मनाइआकलानीच्या शाळांत शिकवतात: सकारात्मक, विचारपूर्वक आणि समोरच्याला उपयोगी पडेल अशी. मोठ्या माणसांनाही हे शिकवायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

पालकसभेत मूल स्वतः लॅपटॉप उघडतं आणि आपलं पान दाखवतं. पहिल्या सत्रातला परिच्छेद आणि तिसऱ्या सत्रातला परिच्छेद शेजारी शेजारी असतात. गुणपत्रिकेपेक्षा मला हे जास्त कळतं.

काळजीच्या गोष्टीही आहेत. आमच्या शाळेत पानावर फक्त पहिलं नाव असतं, आडनाव नाही, आणि फोटोसाठी पालकांची लेखी संमती लागते. दुसरं म्हणजे साइट सगळ्यांसाठी खुली केली तरी तिच्यात जोडलेली फाइल खुली होत नाही, तिची परवानगी वेगळी द्यावी लागते. आजी-आजोबांना पान दिसतं पण आतला निबंध दिसत नाही, याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं: ही साधनं कायमची नसतात. लोकांना स्वतःची वेबसाइट बनवू देणारं जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं, मिळून पानं लिहायचं, कितीतरी शिक्षकांचं लाडकं विकिस्पेसेस २०१८ मध्ये. शाळा सोडली की शाळेचं खातंही जातं. म्हणून डिसेंबरमध्ये वर्ष संपण्याआधी मुलांचं काम घरच्या खात्यात उतरवून घ्यायचं. ते शाळेनेच मुलांकडून करून घ्यायला हवं, पालकांच्या आठवणीवर सोडू नये.

महाराष्ट्रातल्या शिक्षकांना हे सगळं नवं नाही. जिल्हा परिषदेच्या तंत्रस्नेही शिक्षकांनी किती तरी ब्लॉग चालवले आहेत. परितेवाडीच्या डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले आणि २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळवला. पण त्यातलं बरंचसं शिक्षकाने मुलांसाठी केलेलं आहे. मुलांनी स्वतः मराठीत लिहिलेलं, गावाबाहेरच्या माणसाला वाचता येईल असं पान मला फार कमी दिसतं.

सातारा तालुक्यात शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीशी यावर बरेच दिवस बोलणं चाललं होतं. तिच्या वर्गात प्रत्येकाकडे लॅपटॉप असणं शक्य नाही आणि फोनवरून गूगल साइट्सवर पान रचणं अवघड जातं. म्हणून आम्ही असं ठरवलं की मुलांनी कागदावर लिहायचं, फोनवर बोलून मराठीत टाइप करायचं आणि पान शाळेच्या एकाच संगणकावर सगळ्यांनी मिळून लावायचं. पूर्ण वर्गाची एकच साइट. संमतीपत्रं आधी, कारण भारताच्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. चेहऱ्यांचे फोटो नाहीत. विषय मुलांनी निवडला आहे: गावातल्या विहिरी. लिंबची बारा मोटेची विहीर पाहायला लांबून लोक येतात, पण यांच्या शिवारातल्या विहिरी कुणी खोदल्या, कुठल्या आटल्या, कुठल्या बुजवल्या, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. पाचवीची मुलं जूनपासून म्हाताऱ्या माणसांना विचारत फिरणार आहेत.